वीसच्या आतली शाळा

गावाकडच्या शिक्षकांशी बोलणं झालं की सध्या दोनच विषय निघतात. एक, कमी पटाच्या शाळा. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा राज्यात अशा 14 हजारांहून जास्त शाळा निघाल्या. दुसरा विषय, आणखी एक ॲप. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’मध्ये वर्गशिक्षकानेच मुलाकडे बघून अपंगत्वाची प्राथमिक नोंद करायची. मतदार यादी आम्ही, पोषण आहार आम्ही, आता डॉक्टरकीही आम्हीच का, हा त्यांचा प्रश्न आहे. मला वाटतं, हे दोन्ही विषय मुळात एकच आहेत.

मी राहते त्या कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात पहिली ते तिसरीच्या बहुतेक वर्गांत वीसपेक्षा जास्त मुलं ठेवत नाहीत. म्हणजे जो आकडा आपल्याकडे शाळा बंद करायचं कारण ठरतो, तो इथे सरकार पैसे मोजून सांभाळतं. कारण साधं आहे. वर्ग लहान असला की कोण धडपडतंय, कोण पेन्सिल इतकी दाबतंय की कागद फाटतो, कोणाला लंगडी घालता येत नाही, हे दिसतं.

शाळकरी वयातल्या शंभरातल्या पाच-सहा मुलांना हालचालींच्या समन्वयाची अडचण असते. बुद्धी ठीक, हातपाय ठीक, पण हाताला काम ठरल्याप्रमाणे जमत नाही. इथे त्याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात, आपल्याकडे वेंधळा किंवा आळशी. वेळेआधी किंवा कमी वजनाने जन्मलेल्या मुलांत ही अडचण जास्त आढळते. मेळघाटात अशी बाळं किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

माझी मामेबहीण मेळघाटातल्याच धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. इथल्या शाळांत वापरतात तशी एक प्रश्नावली मी तिला फोनवर वाचून दाखवली. बटणं लावता येतात का, बुटाची नाडी बांधता येते का, कात्री धरता येते का. ती म्हणाली, “ताई, माह्या वर्गातल्या पोट्ट्याच्या सदऱ्याले बटनच नाई, तर लावीन काय? अन् कात्री आमच्या शाळेत एकच हाय, तेबी माह्या कपाटात.”

थट्टा बाजूला ठेवली तरी तिचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. शिकायची संधी मिळूनही वयाच्या मानाने जमत नसेल तरच ही अडचण मानायची, असं या निदानाच्या निकषांतच आहे. पहिलीत येईपर्यंत ज्या पोराने खडू धरला नाही, ज्याचे आईबाप वीटभट्टीवर गेले म्हणून वर्षातले काही महिने शाळाच नव्हती, त्याचं वाकडं अक्षर काय सांगणार? म्हणून आधी संधी द्यायची. माती मळणं, मणी ओवणं, बिल्लस, लंगडी, चेंडू झेलणं, पंगतीत खिचडीचं ताट सांडू न देता आणणं. दोन-तीन महिन्यांनी बाकीची पोरं पुढे सरकतात आणि एखादंच तिथेच अडतं. त्याच्याकडे बघायचं. हे रोज समोर असणाऱ्या बाईंनाच कळेल. वर्षातून एकदा येणाऱ्या आरोग्य पथकाला ते अर्ध्या तासात कसं कळावं? आणि समूह शाळेतल्या गर्दीत तर बाईंनाही ते कळायचं नाही.

पण कळल्यावर पुढे काय? ॲपमध्ये खूण करून थांबायचं असेल तर शिक्षकांचा राग रास्तच आहे. धारणीहून अमरावतीचं जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरच्या आसपास. एका फेरीत आईबापांची मजुरी बुडते, आणि घरी परत येतं ते पोराला लागलेलं ‘अपंग’ हे बिरुद. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे, पण कायद्यात नाव असल्याने कोणाला पेन्सिल धरता येत नाही.

इथलं सगळंच छान आहे असंही नाही. थेरपीच्या रांगेत मुलं महिनोन्महिने थांबत, आणि ज्यांच्याकडे पैसा ते खासगीत जात. त्यावर हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने काढलेला तोडगा मला पटतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टच, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी तज्ज्ञच, आठवड्यातून एक दिवस शाळेत येते, वर्गात शिक्षकाशेजारी बसते आणि निदानाच्या कागदाची वाट न बघता काम सुरू करते. पेन्सिल जाड कर, पाय टेकतील असं बसव, फळ्यावरचं कमी उतरवायला दे. यातलं बरंचसं बिनखर्चाचं आहे.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्युपेशनल थेरपीची पदवी मिळते, आणि शेवटी इंटर्नशिप असते. त्यातला काही काळ या इंटर्न मुलामुलींना मेळघाटात, गडचिरोलीत, यवतमाळच्या झरी जामणीत पाठवावं. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला भरतेच, तिथे त्यांना बसवावं. बाईंनी आपल्या एक-दोन पोरांबद्दल विचारावं, त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन पोर बघावं. राहायची सोय आणि एसटीचं भाडं आरोग्य खात्याने द्यायचं की शिक्षण खात्याने, यावर फाइल अडेल, हे मला इथे बसूनही दिसतं. अडू दे. वाद निदान त्यावर तरी होईल.