मान्य. पण...

देवासमोर गाऱ्हाणं घालताना दर वाक्यामागे ‘होय म्हाराजा’ म्हणणारे आम्ही कोकणी लोक वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलो, की पहिल्याच वाक्याला ‘नाय म्हाराजा’ सुरू करतो. ज्याला म्हणायचं तो काही अमेरिकेत नसतो, गडग्यापलीकडे असतो. त्याच्या फणसाची फांदी आपल्या परसात आणि चतुर्थीला आरती त्याच्या घरी. शहरातल्या माणसाला कुणालाही ब्लॉक करणं परवडतं. इथे ब्लॉक केलेला माणूस सकाळी एसटीत शेजारी येऊन बसतो. म्हणून ग्रुपवर वाद घालायचा तो संबंध न तोडता कसा, हे शिकून घ्यावं लागतं.

नमुन्याला मुंबई-गोवा महामार्ग घेऊ. तो काही लवकर संपत नाही. मेसेज पडतो, ‘तुमच्या पक्षाने रस्ता रखडवला.’ या चार शब्दांतला रस्ता तेवढा उचलायचा, बाकीचं ठेवून द्यायचं. कुठला टप्पा, ते विचारायचं. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा घ्या. काम सुरू झालं २०११ साली. तेव्हापासून मुंबईत आणि दिल्लीत मिळून सगळ्याच मोठ्या पक्षांनी खुर्ची उबवून घेतली. म्हणजे या वादात दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर असतात. ‘तुमच्या पक्षाने’ खोडून ‘हा टप्पा कशामुळे रखडला?’ असं लिहिलं, की समोरच्याला भूसंपादन, ठेकेदार, कर्नाळा अभयारण्य असं काहीतरी शोधून आणावं लागतं. मूळ वाक्याला उत्तर एकच, ‘आणि तुमच्या पक्षाने?’

दुसरी गोष्ट ‘मान्य’ या शब्दाची. ‘मान्य, पण’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला फक्त ‘पण’ दिसतो. तिथे स्वल्पविराम चालत नाही, पूर्णविराम लागतो. ‘२०११ला काम सुरू झालं, हे मान्य.’ थांबायचं. मग नवं वाक्य. राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम घातला. प्रवास तेवढाच लांब राहिला, पाठ मात्र वाचली. तो पूर्णविराम म्हणजे हाच फोम.

खरं तर ही विद्या बाहेरून आणायची गरजच नव्हती. आपल्याकडे डबलबारी आहे, म्हणजे दोन भजनीबुवांचा सामना. एक बुवा बारी करत असतो तोवर दुसरा ऐकतो. का, तर पुढे त्यालाच उत्तर द्यायचं असतं. आणि टोमणा कितीही झोंबरा असो, हाक ‘बुवा’ अशीच. ग्रुपवर मात्र तिघं एकाच वेळी टाईप करतात आणि चौथ्याच्या मेसेजला उत्तर देतात. म्हणून ज्याला उत्तर द्यायचं तो मेसेज उजवीकडे सरकवून त्याखालीच लिहावं. एका वेळी एकच मुद्दा. आधी ‘म्हणजे तुमचं म्हणणं असं ना?’ विचारावं. ‘तुमच्या डोक्यात शिरणार नाही, तरी सांगतो’ हे शेपूट जोडलं, की सगळी मेहनत पाण्यात.

‘मेल्या’ हा शब्द तोंडी प्रेमाचा, टाईप केला की पोलीसपाटलाकडे जायची वेळ. मजकूर १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण बाजूला तशी चिठ्ठी लागते. सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवसांहून जास्त मुदत आहे, पण मागे ‘मेसेज डिलीट केला’ अशी पाटी उरते आणि चर्चा त्या पाटीचीच जास्त होते. तेव्हा उत्तर आधी स्वतःलाच पाठवावं, पेज निवायला लागतो तेवढा वेळ पडू द्यावं, मग पहिलं विशेषण काढावं. बहुतेकदा दुसरंही काढावं लागतं.

दोन बाणांचा फॉरवर्ड म्हणजे किमान पाच हातांतून आलेला माल. तो तात्यांनी टाकला, लिहिला नाही. सुनांदेखत चूक काढली तर तात्या ती जन्मात मागे घेणार नाहीत. खासगीत विचारा, ‘तात्यानू, ह्यां खयसून इलां?’ (म्हणजे, हे आलं कुठून?) बऱ्याचदा पाच मिनिटांत तो मेसेज गुपचूप नाहीसा होतो. मग ग्रुपवर त्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. (हा भाग सगळ्यात अवघड आहे.)

तीन फेऱ्या झाल्या की थांबावं. चौथ्या फेरीत रस्ता सुटतो आणि १९८५ची बांधाची भानगड निघते. उत्तर आलं नाही म्हणून आपण जिंकलो, असं मात्र धरू नये. एकच टिक दिसत असेल तर वाडीत लाईट गेलेली असते. लाईट गेली की टॉवर जातो. आणि तात्या अंधारात बसून टाईप करत असतात. रेंज आली, की सातही मेसेज एकदम पडतात.