बॅकसीटला हळदीकुंकू

घरगुती उपाय सांगणारी माणसं वेगळी आणि करणारी वेगळी. आमच्याकडे सांगणार बायको, करणार मी, आणि सासूबाई पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बघणार.

झालं काय, ऐन जुलैत भाच्याने पार्सल मिसळीची कटाची पिशवी मागच्या सीटवर फोडली. सीट कापडी, त्यात बदामी. पुण्यात पाऊस असा की काचा खाली करायची सोय नाही, म्हणजे कांदा-लसणाच्या वासात बसून ऑफिस गाठायचं. मी म्हटलं देऊया कुणाला तरी धुवायला, तर म्हणे ती केमिकलं नकोत, सगळं घरात आहे. सगळं म्हणजे खायचा सोडा, व्हिनेगर, रिठे आणि मी.

आधी सोडा. पाण्यात कालवून डागावर थापला आणि बघता बघता पिवळा डाग लाल झाला की हो! बायको किंचाळली, सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "हळदीला चुना लावला की कुंकू होतं, सोड्याने पण तेच होणार, त्यात काय एवढं." मग बायकोने त्यावर व्हिनेगर ओतायला लावलं, ते जे काही फसफसलं, तिला वाटलं मळ उकलतोय. कसला मळ, सोडा आणि आम्ल एकमेकांना संपवतात, गॅस उडून जातो आणि खाली उरतं खारट पाणी. डाग परत पिवळा. भाचा खूश, म्हणे मामा आता परत लाल कर ना.

रिठ्यांना मात्र मी मानलं. रात्री भिजवा, सकाळी उकळा, कुस्करा, गाळा, एवढ्या वेळात माणूस नवीन गाडी बुक करून येईल, पण त्या फेसाने स्टिअरिंगवरचा आणि दाराच्या हँडलचा चिकट मळ खरंच निघाला. अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी आणि जुना पेपर, काचा लख्ख. वासासाठी कोरडा सोडा रात्रभर सीटवर भुरभुरून सकाळी व्हॅक्यूम मारला, तेही जमलं. उरलेला कुबट वास एसीच्या फिल्टरचा निघाला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे तो काळाकुट्ट होऊन बसलेला, त्याला कुठलाही आजीबाईचा बटवा चालत नाही, बदलावाच लागतो.

डॅशबोर्डला खोबरेल लावायची आयडिया सासूबाईंची. चकाकी अशी की समोरच्या काचेत रस्ता कमी आणि डॅशबोर्ड जास्त दिसतो, शिवाय धूळ येऊन चिकटते ती वेगळीच. पण हे बोलणार कोण?

राहिला डाग. सासूबाई म्हणाल्या हळद उन्हानेच जाते, आणि ते बरोबर आहे, फक्त जुलैत ऊन आणायचं कुठून? त्यामुळे सध्या ढग जरा बाजूला झाले की मला ऑफिसात घरून फोन येतो, मीटिंग असो नसो, "खाली जा आणि गाडीचं मागचं दार उन्हाकडे कर."