धोंड परत लावून घ्या

ईस्टरचा, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा, सण झाला. "प्रभू उठला आहे!" असं कुणीतरी म्हणालं, "खरोखर उठला आहे!" असं तुम्हीही घसा मोकळा करून म्हणालात. इथवर सगळं ठीक. धोका सोमवारी सकाळी सुरू होतो. गाण्याची चाल विसरते, पण त्या वाक्याचा एखादा तुकडा डोक्यात राहून जातो आणि दात घासताना, कामावर निघताना अवेळी तोंड उघडतो. खरोखर उठला असेल तर मी अजून एवढा घाबरतो कशाला? खरोखर उठला असेल तर त्या माणसाशी धरलेला अबोला अजून कुणासाठी? असले प्रश्न वेळीच आवरले नाहीत तर घरभर पसरतात. ज्यांना पुनरुत्थानावर पूर्ण विश्वास ठेवायचा आहे आणि आयुष्याची घडी मात्र तसूभरही विस्कटू द्यायची नाही, अशा सज्जनांसाठी चार सूचना देतो. मी स्वतः त्या अनेक वर्षं पाळतो आहे.

या विषयातले आपले आद्य गुरू म्हणजे यरुशलेमेतले मुख्य याजक. "तीन दिवसांनी मी उठेन" हे येशूचे शब्द त्याच्या शिष्यांच्या ध्यानात नव्हते, याजकांच्या मात्र पक्के होते. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, मत्तय सांगतो की येशूला पुरल्यावर ते थेट रोमी सुभेदार पिलाताकडे गेले. येशूला मरणाला सोपवताना 'यात माझा दोष नाही' म्हणून पिलातानं हात आदल्या दिवशीच धुतलेले. तो म्हणाला, पहारा आहे ना तुमच्याकडे, मग जमेल तेवढा बंदोबस्त करा. त्यांनी कबरेच्या तोंडाशी लोटलेल्या धोंडेवर शिक्का मारला, शिपाई बसवले. असं काही खरंच घडू शकतं आणि घडलं तर फार महागात पडेल, ही गोष्ट तोवर इतकी मनावर कुणी घेतली नव्हती. अनुयायांनी तर नाहीच. बेत फसल्यावर शिपायांच्या हातावर पैसे ठेवून त्यांना सांगायला लावलं, की आम्ही झोपलो होतो तेव्हा शिष्यांनी प्रेत चोरून नेलं. झोपलेल्या माणसाला चोराचा चेहरा कसा दिसला, हे विचारू नका. बंदोबस्तात असल्या फटी राहायच्याच. त्यांची खरी चूक एवढीच, की पहारा बाहेरून बसवला. आपण आतली माणसं. आपल्याला ती अडचण नाही.

पहिला उपाय कॅलेंडरचा. हा सण सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी एकाच दिवशी पाळावा, असं 325 साली बिशपांच्या निकेआ इथल्या परिषदेनं ठरवलं. पाश्चात्त्य मंडळ्यांत तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामधल्या एका रविवारी येतो. एकदा तारखेला बांधलं की बाकीचे 364 दिवस आपले. (रशियन भाषेत रविवारालाच 'पुनरुत्थान' म्हणतात. दर आठवड्याला! त्या भाषेच्या वाटेला जाऊ नका.) आधीचे उपवासाचे 40 दिवस मात्र निष्ठेनं पाळा आणि आपण काय काय सोडलं आहे ते भेटेल त्याला सांगा. त्यानंतर पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, आनंदाचे 50 दिवस असतात, म्हणजे उपवासाहून दहा जास्तच. पण ते आपण त्याच रविवारी दुपारच्या झोपेआधी आटोपून घेतो. निकेआच्या त्याच परिषदेचा विसावा नियम तर आणखी गैरसोयीचा आहे: रविवारी आणि या आनंदाच्या दिवसांत गुडघे न टेकता उभ्यानं प्रार्थना करावी. नको. उभा राहिलेला माणूस पुढे चालू लागायला कितीसा वेळ? बसून घ्या.

शास्त्राशी झटापट करण्याची गरज नाही. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी ती केली. उतारवयात त्यांनी शुभवर्तमानांच्या प्रती घेतल्या, धारदार पातं घेतलं, चमत्कार तेवढे वगळले आणि उरलेले उतारे नव्या वहीत नीट चिकटवले. 1820 साली वही पुरी झाली. तिच्या शेवटी येशूला कबरेत ठेवतात, दाराशी मोठी धोंड लोटतात आणि निघून जातात. पुढे काही नाही. काम चोख, पण केवढे कष्ट! आणि केवढा प्रामाणिकपणा! जे पटलं नाही ते त्यांनी कापून बाजूला ठेवलं. आपण एक अक्षर कापत नाही. आपल्या पुस्तकात सगळी पानं जागच्या जागी आहेत. फक्त ती आपल्याला चिकटत नाहीत.

कुणी खोदून विचारलंच तर दोन वाटा आहेत, स्वभावानुसार निवडा. सुसंस्कृत असाल तर म्हणा, पुनरुत्थान हे प्रतीक आहे. वसंत ऋतू, नवी पालवी, आशेचा किरण वगैरे. अर्ध्या पृथ्वीवर ईस्टरला पानगळ चालू असते, तिकडे लक्ष देऊ नका. लूक सांगतो की भुताला पाहिल्यागत हबकलेल्या शिष्यांना येशूनं विचारलं, "इथे काही खायला आहे का?" आणि त्यांनी दिलेला भाजलेला मासा त्यांच्यादेखत खाल्ला. तिकडेही नको. प्रतीकांना भूक लागत नाही.

तापट असाल तर दुसरी वाट: सिद्ध करत बसा. प्रेषित पौलानं करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, 55 सालाच्या आसपास लिहिलेलं पत्र काढा, त्यातले उठलेल्या येशूला पाहिलेले पाचशेहून अधिक साक्षीदार काढा, चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत मार्काचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी, उठलेला येशू कुणाला दिसण्याआधीच, थांबतं, त्यावर रात्र रात्र वाद घाला. जिंका. समोरच्याला असा लोळवा की तो पुन्हा उठता कामा नये. रिकाम्या कबरेचं रक्षण करण्यात माणूस एकदा गुंतला की कबरेतून निघालेला पुढे कुठे गेला, हे बघायला त्याला सवड कुठली?

आता भीती. ही आपल्या घराची कोनशिला, तिला हात लावू देऊ नका. याला शास्त्राधारही आहे. योहान लिहितो की पहिल्या संध्याकाळी शिष्य दारं लावून बसले होते. येशू आत आला, "तुम्हांला शांती असो" म्हणाला, हातांच्या आणि कुशीच्या जखमा दाखवल्या, सगळ्यांना आनंद झाला. नंतर आठ दिवसांनी तेच घर, तीच माणसं, या खेपेस आधी नसलेला शिष्य थोमाही हजर. आणि दारं? लावलेलीच. प्रत्यक्ष पाहून आठवडा लोटला तरी कडी काढायला कुणी उठलं नव्हतं. मला हे वचन फार धीर देतं. तेव्हा रात्री दोनला जाग आली की फोन उघडा, जगातल्या ताज्या संकटांची उजळणी करा, तपासणीचे जुने रिपोर्ट पुन्हा वाचा, मुलांचं पुढे काय होणार याची बेरीज-वजाबाकी मांडा. काळजीला 'जबाबदारी' म्हणायला शिका, म्हणजे ती पाप वाटत नाही. मरण जिंकलं गेलं आहे हे रविवारी म्हणायचं, आणि सोमवारपासून सगळे निर्णय मरणाला विचारून घ्यायचे.

कडी काढली तर काय होतं याचा दाखला इतिहासात आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमी साम्राज्यात महामारी पसरली. अलेक्झांड्रियाचे बिशप दिओनिसियस यांनी त्या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे, की लोक आपल्याच माणसांना धुगधुगी असतानाच रस्त्यावर टाकत होते, आणि ख्रिस्ती बंधू मात्र आजाऱ्यांची सेवा करता करता तोच आजार अंगावर घेऊन शांतपणे मरत होते. बिशप आपल्या माणसांचं कौतुक जरा सढळ हातानं करत असतील, ते सोडून द्या. पण हे त्यांनी लिहिलं कशात? पुनरुत्थानाच्या सणाच्या पत्रात! सणासुदीला कुणी असले विषय काढतं का?

यानंतरचा विषय माझ्या आवडीचा. वैर.

माझ्याकडे एक वही आहे. खरी वही नव्हे, पण पानं पाठ आहेत. कोण काय बोललं, कधी बोललं, तेव्हा तिथे आणखी कोण होतं. माझ्या सख्ख्या भावाच्या नावावर त्यात बरीच पानं आहेत. मालमत्तेच्या वाटणीवेळी तो जे वाक्य बोलला ते मी मनात इतक्या वेळा वाचलं आहे, की त्याला स्वतःला आठवत नसेल इतकं मला स्पष्ट आठवतं. अशी वही प्रत्येकानं ठेवावी. माणसाला त्यामुळे म्हातारपणी एकटं वाटत नाही.

या बाबतीत उठलेल्या प्रभूचं उदाहरण अत्यंत घातक आहे. येशूला धरून नेलं त्या रात्री, कोंबडा आरवण्याआधी, त्याचा शिष्य पेत्र यानं 'मी त्याला ओळखत नाही' म्हणत त्याला तीनदा नाकारलं ते कोळशाच्या शेगडीपाशी, थंडीत हात शेकताना. पुढे तिबेर्याच्या सरोवराच्या किनाऱ्यावर पहाट होते. रात्रभर जाळी टाकूनही शिष्यांना काही मिळालेलं नसतं, मग एकाएकी 153 मासे लागतात, पेत्र पाण्यात उडी टाकून किनारा गाठतो, आणि तिथे पुन्हा कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी. आता बोलणार, असं आपल्याला वाटतं. आपण असतो तर बोललो असतो. 'बस, पेत्रा. त्या रात्रीचं जरा बोलू या. कोंबडा किती वाजता आरवला?' त्याऐवजी तो काय म्हणतो? "या, न्याहारी करा." खाणं झाल्यावर तीनदा एकच प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस काय, आणि तीनही वेळा हातात काम: माझी मेंढरं राख. हिशेब नाही, माफीनामा नाही, वहीच नाही. असा कारभार आपल्या घरात चालू झाला तर धाकट्यांना धाक कसला राहील?

वैर टिकवायला मोठ्या भांडणाची गरज नसते, एक साधं वाक्य पुरतं: "तो काही बदलणार नाही." मतांगिकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, "मी शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो" असं दर रविवारी म्हणा आणि बाहेर पडल्याबरोबर दारू सोडतो म्हणणाऱ्या मेहुण्याबद्दल, सूनबाईंबद्दल, नापास होणाऱ्या पोराबद्दल हे वाक्य वापरा. मेलेले शेवटच्या दिवशी उठतील याला आपली हरकत नाही, जिवंत असलेल्यांनी या आठवड्यात उठू नये इतकंच. स्वतःबद्दलही तेच म्हणा. "माझा स्वभावच असा" हा शिक्का धोंडेवर बसला, की आत कुणी हालचाल केली तरी बाहेर ऐकू येत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे आपण सगळे आधीच पटाईत आहोत. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय मोठ्यानं वाचा. अरे मरणा, तुझी नांगी कोठे! अंगावर काटा येतो. मात्र अध्याय संपला की पुस्तक मिटा. पुढच्याच ओळीत पौल वर्गणीविषयी बोलतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं गरजू बांधवांसाठी काही बाजूला काढून ठेवावं. त्याच्या पत्रात मध्ये रेघ नव्हती. अध्यायांची आज चालते ती विभागणी तेराव्या शतकातली, आणि तिचे आपल्यावर अनंत उपकार आहेत. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात मात्र ती सोयही नाही. मिळकत कुणी आपली मानत नव्हता, आणि त्यांच्यात कुणी गरजवंत नव्हता, या दोन वाक्यांच्या बरोबर मधोमध प्रेषित पुनरुत्थानाची साक्ष देत उभे आहेत. ते पान भरभर उलटा.

शेवटची खबरदारी चेहऱ्यांची. उठलेला येशू ओळखू येत नाही, ही सगळ्यांत मोठी पंचाईत. मग्दालीया मरीयेला तो माळी वाटला. बायकांनी धावत येऊन सांगितलं ते प्रेषितांना बरळणं वाटलं. अम्माऊसच्या वाटेवर दोघांना तो परका वाटसरू वाटला. "आम्हांला आशा होती" असं ते त्यालाच ऐकवत चालले होते. गाव आल्यावर त्यांनी एकच चूक केली. संध्याकाळ झाली आहे, दिवस उतरला आहे, आता कुठे पुढे जाता, असं म्हणून त्याला आत बोलावलं. भाकर मोडताना ओळख पटली आणि तो दिसेनासा झाला. मग, ज्यांनी दुसऱ्याला अंधाराची भीती घातली तेच दोघं ताबडतोब उठून सुमारे 11 किलोमीटर चालत यरुशलेमेला परतले. दिवसभराचे पाय, त्यात रात्र. म्हणून सांगतो, तिन्हीसांजेला दारात आलेल्याला आत घेऊ नका. माळी, वाटसरू, किनाऱ्यावर विस्तव पेटवणारा माणूस यांच्या तोंडाकडे निरखून पाहू नका.

एवढं सांभाळलंत तर पुढच्या सणापर्यंत काळजी नाही.

नाही म्हणायला, गेल्या आठवड्यात माझ्याच बंदोबस्तात जरा घोळ झाला. संध्याकाळी बेल वाजली, दार उघडलं तर भाऊ. केस पांढरे झालेले, हातात कसलीशी पिशवी. वहीतलं पान मला तोंडपाठ होतं, वाक्य जिभेवर तयार होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "ये, आत ये. काही खाल्लंस का?"

तेव्हापासून पहारेकऱ्यांना खोदून खोदून विचारतो आहे. सगळे एकच सांगतात, आम्हांला झोप लागली होती.