अथेन्सचा गड भर दुपारी कसा पाहावा

साताऱ्यात जुलैचा पाऊस लागला, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळेनासे झाले आणि यवतेश्वरचा डोंगर ढगात नाहीसा झाला, की अथेन्सला जाण्याची वेळ आली असे समजावे. ग्रीसची ही राजधानी वसंतात किंवा शरदात पाहावी, असे जाणकार सांगतात. परंतु जाणकारांच्या घरी ओले टॉवेल नसावेत. जुलैत अथेन्सला पाऊस जवळजवळ पडतच नाही, दुपारचा पारा पस्तिशीच्या आसपास राहतो आणि उष्णतेची लाट आली तर चाळिशी ओलांडतो. कपडे वाळवण्यासाठी याहून योग्य शहर सापडणार नाही. कपड्यांच्या आत आपण असल्यास आपणही वाळतो, एवढेच.

तेथे पाहायचे ते अ‍ॅक्रोपोलिस. शहराच्या डोक्यावर उभा असलेला खडक आणि त्यावर जुन्या काळाचे अवशेष, ही कल्पना सातारकराला समजावून सांगावी लागू नये. मात्र अजिंक्यतारा रोज सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर खिडकीतून फुकट दिसत असल्यामुळे त्यात पाहण्यासारखे काही असेल, यावर आपला विश्वास बसत नाही. शेवटचे वर केव्हा गेलो हे आठवायला पुष्कळांना शाळेच्या सहलीपर्यंत मागे जावे लागते. अ‍ॅक्रोपोलिसचे तिकीट ३० युरोंचे आहे. तेव्हा तो गड चढण्याजोगा असलाच पाहिजे.

उन्हाळ्यात गडाचे फाटक सकाळी आठ वाजता उघडते. या गोष्टीकडे पूर्ण दुर्लक्ष करावे. हॉटेलचा नाश्ता पॅकेजमध्ये धरलेला असतो आणि तो तिसऱ्यांदा ताट भरून वसूल केल्याखेरीज उठणे हा पैशाचा अपमान होय. त्यानंतर सुटकेसच्या कुलपाची किल्ली शोधण्यात पाऊण तास, बसमध्ये खिडकीच्या जागेवरून वादात पंधरा मिनिटे, असा हिशेब नीट जमवला तर आपण बरोबर साडेबारा वाजता पायथ्याशी पोहोचतो. जुलै २०२३ मधील लाटेत तेथील सरकारने दुपारचे काही तास गड बंद ठेवला होता. तसे काही झाल्यास खट्टू होऊ नये. बंद फाटकासमोर उन्हात उभे राहून टूर मॅनेजरशी भांडता येते, आणि त्याला कसलेही तिकीट लागत नाही.

पाण्याची बाटली बसमध्येच ठेवावी. टोपी घालू नये, कारण फोटोत चेहरा झाकला जातो. पायांत मुलाच्या लग्नात घेतलेल्या गुळगुळीत तळाच्या चपला घालाव्यात. वरच्या वाटेवरचे दगड लाखो पावलांनी घासून आरशासारखे झाले आहेत, त्यामुळे अशा चपलांनी चढणे जितके कठीण तितकेच उतरणे वेगवान होते.

वर पार्थेनॉन आहे. इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात अथीना देवीसाठी बांधलेल्या या देवळाला बाहेरून ४६ खांब होते, म्हणजे एका बससाठी सावली पुरेशी असायला हवी. प्रत्यक्षात भर दुपारी खांबाची सावली त्याच्या पायाशीच पडते, आणि तो पाया दोरीच्या पलीकडे असतो. गाइड या वेळी अत्यंत महत्त्वाचे काही सांगत असते: सरळ वाटणारा चौथरा मध्यभागी किंचित फुगीर आहे, खांब अगदी थोडे आत झुकलेले आहेत, आणि तसे नसते तर ही वास्तू डोळ्यांना इतकी डौलदार वाटली नसती. आपल्याला मात्र खांब केवळ झुकलेलेच नव्हे तर हळूहळू फिरतानाही दिसू लागले असतील, तर त्याचे श्रेय ग्रीक स्थपतींना देऊ नये.

पुढे ती १६८७ सालची हकिगत सांगेल. तुर्कांनी देवळात दारूगोळा साठवला होता, वेढा घातलेल्या व्हेनिसच्या सैन्याचा गोळा त्यावर पडला, आणि दोन हजारांहून अधिक वर्षे उभे असलेले देऊळ स्फोटात फुटले. येथे ‘आमच्याकडे याहून भारी झाले होते,’ असे मोठ्याने म्हणावे. झालेही होते. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १७०० साली, औरंगजेबाच्या वेढ्यात साताऱ्याच्या तटाखाली सुरुंग उडाला, तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि मोगलांचीच शेकडो माणसे दगडांखाली गाडली गेली. गाइड कुतूहलाने तपशील विचारू लागली, की तो गड आपल्या गॅलरीतून फार छान दिसतो, असे सांगून विषय बदलावा.

शेजारच्या एरेक्थिऑन देवळात छत डोक्यावर तोललेल्या सहा स्त्रियांच्या मूर्ती आहेत. त्यांच्यासमोर फोटोसाठी वीस मिनिटे रांग लावावी. त्या नकला आहेत. मूळ मूर्तींपैकी एक ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी काढून नेल्यापासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि उरलेल्या पाच खाली, २००९ साली उघडलेल्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात, गार हवेत उभ्या आहेत. दगडाच्या बायकांना सावलीत नेण्याचे शहाणपण ग्रीकांना सुचले याचे कौतुक करावे, पण स्वतः संग्रहालयात जाऊ नये. तो वेळ फ्रिजवर लावायच्या चुंबकांसाठी राखून ठेवलेला असतो.

साताऱ्याला परतल्यावर नातेवाइकांना बोलावून फोटो दाखवावेत. त्यांत डोळे मिटलेले आपण असतो आणि मागे सगळे पांढरे दिसते. रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणारा एखादा पुतण्या मोबाइल हातात घेऊन, चित्र बोटांनी मोठे करत, ‘काका, यात देऊळ कुठे आहे?’ असे विचारील. त्याला कंदी पेढा द्यावा आणि पुढचा फोटो दाखवावा.