आयोवाचा पुढचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर: कोणी विचारलेलं नसताना मत कसं द्यावं

नोकरीनिमित्त तुम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्सला किंवा आयोवा सिटीला येऊन पडला असाल, तर पहिल्या हिवाळ्यात दोन गोष्टी शिकून घ्याव्या लागतात. दारातला बर्फ कसा उपसायचा, ही एक. आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर कोण हवा, ही दुसरी. पहिली शेजारी शिकवतो. दुसरी माझ्याकडून शिका.

आधी पद समजून घ्या. जास्त नको, वाद घालण्यापुरतंच. चेंडू आपल्याकडे असताना पुढची चाल कोणती, हे ठरवणारा माणूस म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. चालीचं घड्याळ चाळीस सेकंदांचं. तेवढ्यात या गृहस्थाने लॅमिनेट केलेल्या भल्यामोठ्या कागदावरच्या शेकडो चालींतून एक निवडायची आणि मैदानावर पोचवायची. समोरच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून अनेक जण तोच कागद तोंडापुढे धरतात. 2024 पासून मोठ्या कॉलेज संघांना एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये थेट आवाज पोचवायची परवानगी मिळाली. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. चाहत्यांच्या आवाजाला अशी सोय अजून निघालेली नाही, तिचा पुरेपूर फायदा घ्या.

आता इतिहास. तो ब्रायन फेरेन्ट्झपासून सुरू होतो, असंच धरून चाला. त्याआधीही लोक या पदावर होते आणि त्यांनाही शिव्या पडत होत्या, पण ते काढत बसलात तर रात्र पुरायची नाही. ब्रायन 2017 साली कोऑर्डिनेटर झाला. 1999 पासून हेड कोच कर्क फेरेन्ट्झ. ब्रायन हा कर्कचा मुलगा. मुलाने बापाच्या हाताखाली काम करू नये असा विद्यापीठाचा नियम, म्हणून कागदोपत्री ब्रायनचा साहेब क्रीडा संचालक. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला कोण कोणाचा साहेब, याबद्दल नियम गप्प होता. आपल्याकडच्या सहकारी कारखान्यांची ज्याला थोडीफार माहिती आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही; अमेरिकन शेजाऱ्याला मात्र धक्का बसल्यासारखं दाखवावं लागतं, तेव्हा तुम्हीही दाखवा.

2022 च्या हंगामात संघाची सरासरी निघाली सामन्याला 17.7 गुण. मग फेब्रुवारी 2023 मध्ये विद्यापीठाने ब्रायनच्या करारात एक कलम घातलं, आणि चाहत्यांच्या बौद्धिक जीवनाला त्यामुळे जी उभारी आली ती अजून ओसरलेली नाही. पगार 50 हजार डॉलरने कमी करून साडेआठ लाख. करार पुढे चालू राहायचा तर संघाने किमान सात सामने जिंकायचे आणि सामन्याला सरासरी 25 गुण करायचे. तेरा सामने धरले तर 325. गंमत अशी की बचावफळीने केलेले गुणही यात धरायचे. म्हणजे आपल्या गड्याने समोरच्याचा पास पळवून थेट गोलरेषा गाठली, तरी ते श्रेय ऑफेन्सच्या, म्हणजे चढाई करणाऱ्या फळीच्या, खात्यात.

या कलमाने तुमचं काम फार सोपं केलं. खेळातलं ओ की ठो कळत नसलं तरी बेरीज येते ना? पहिला सामना युटा स्टेटशी, 24-14 असा जिंकला. साधा माणूस जिंकलो म्हणून घरी गेला असता. तुम्ही तोंड पाडून म्हणायचं, ‘एक कमी पडला.’ पुढच्या आठवड्यात आयोवा स्टेटला, म्हणजे राज्यातल्याच भावकीला, 20-13 ने हरवलं. ‘आता एकूण सहा कमी.’ वेस्टर्न मिशिगनविरुद्ध 41 झाले तेव्हा हातात कॅल्क्युलेटर घेतलेली माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. त्यानंतर पेन स्टेटने 31-0 ने धुतलं आणि कॅल्क्युलेटर पुन्हा खिशात गेले.

ज्यांना इतिहासात थोडं खोल जायचं आहे त्यांनी 3 सप्टेंबर 2022 ही तारीख पाठ करावी. त्या दिवशी आयोवाने साऊथ डकोटा स्टेटला 7-3 ने हरवलं. सात गुण म्हणजे एक टचडाऊन, चेंडू गोलरेषेपार नेल्याचे सहा, आणि वरचा एक, असं तुम्हाला वाटेल. तसं ते वाटायलाच हवं. प्रत्यक्षात एक फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारायचा, त्याचे तीन. आणि दोन सेफ्टी, त्यांचे दोन-दोन. सेफ्टी म्हणजे समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे गाठून आडवा करायचा. हे काम बचावफळीचं. सातातले चार गुण चेंडू समोरच्याकडे असताना आले. किनिक स्टेडियममध्ये सुमारे 69 हजार लोक मावतात. त्या दिवशी तिथे होतो असं सांगणाऱ्यांची संख्या दर वर्षी वाढते आहे, तुम्हीही बेलाशक भर घाला.

याला म्हणतात आयोवाचा खेळ. चेंडू हातात घेऊन पळायचा हा फुटबॉल. पायाशी त्याचा संबंध तसा बेताचाच. आयोवात तो घनिष्ठ. चार प्रयत्नांत दहा यार्ड जमणार नाहीत असं दिसलं की चौथ्या वेळी चेंडू लाथेने लांब पिटाळून समोरच्याला देऊन टाकायचा, याला पंट म्हणतात. 2023 मध्ये मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलरने 93 पंटमध्ये 4,479 यार्ड मारले. एका हंगामातला हा कॉलेज विक्रम. आधीचा 1938 पासून अबाधित होता. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम पंटरचा पुरस्कारही त्यालाच मिळाला, आणि पंटर मैदानात उतरताना घरचे प्रेक्षक मनापासून ओरडायचे. ऑफेन्स बाहेर चालल्याचा आनंद किती आणि पंटरचं कौतुक किती, हे वेगळं काढता येत नसे. बचावफळीचा कोऑर्डिनेटर फिल पार्कर. त्याच 2023 च्या हंगामासाठी त्याला देशातला सर्वोत्तम सहायक प्रशिक्षक म्हणून ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. एकच संघ, एकच वर्ष. हे मी रचून सांगत नाही.

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस जाहीर झालं की हंगाम संपला की ब्रायनला नारळ. संघ तेव्हा आठपैकी सहा सामने जिंकलेला. घोषणेनंतर पुढचे चार ओळीने जिंकले: 10-7, 22-0, 15-13, 13-10. मग कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यात मिशिगनकडून 26-0 आणि 1 जानेवारीला टेनेसीकडून 35-0. एकूण चौदा सामने, दहा विजय, 216 गुण. सरासरी 15.4. दहा सामने जिंकून गावभर सुतक, असं दृश्य तुम्ही पाहिलं नसेल तर बरंच काही राहून गेलं.

यानंतर उमेदवारांचा मोसम आला, आणि तुमची खरी परीक्षा इथे आहे.

उमेदवार सुचवताना तो येईल का, याचा विचार करणं हा नवशिकेपणा. जितका अशक्य, तितका तुमचा अभ्यास दांडगा. एनएफएल या व्यावसायिक लीगमधला प्रशिक्षक शॉन मॅकव्हे याच्या हाताखाली कधीकाळी वावरलेला कोणताही तरुण चालतो. वय पस्तिशीच्या आत आणि दाढी कोरलेली असेल तर उत्तम. आयोवाचा माजी क्वार्टरबॅकही (पास फेकणारा मुख्य गडी) चालतो, कारण ‘त्याला आपली संस्कृती ठाऊक आहे.’ संस्कृती म्हणजे पंट, हे कोणी बोलून दाखवत नाही. ज्याच्या संघाने मागच्या वर्षी सामन्याला चाळीस गुण केले तोही सुचवता येतो. फक्त त्याचा क्वार्टरबॅक कोण होता हे विचारायचं नाही. मात्र जो मोकळा आहे, यायला तयार आहे आणि ज्याने अर्ज केला आहे, त्याचं नाव चुकूनही घेऊ नका. तयार आहे म्हणजे नक्की काहीतरी खोट असणार.

शब्दसंपदा थोडी लागते. ‘मोशन’ हा एक शब्द पुरेसा आहे. चाल सुरू होण्याआधी एखादा गडी आडवा पळतो, त्याला मोशन म्हणतात. कुठल्याही खेळीनंतर हळूच म्हणावं, ‘आपण मोशन फारच कमी वापरतो.’ शंभरातले नव्वद जण मान डोलावतील. उरलेले दहा विचारतील, कोणत्या फॉर्मेशनमधून? तेव्हा ग्रिलवरचे सॉसेज करपताहेत असं सांगून तिकडे जावं.

सामन्याआधी गाडीतळावर एक आजोबा हमखास भेटतात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची डंगरी, हातात बिअरचा डबा, डोक्यात हेडन फ्रायचा काळ. हा फ्राय म्हणजे कर्कच्या आधीचा कोच. त्याने वीस वर्षं काढली. मानसशास्त्राचा पदवीधर, त्यामुळे पाहुण्या संघाची खोली त्याने गुलाबी रंगवून घेतली; समोरचे नरम पडतील म्हणे. खोली अजून गुलाबीच आहे. 1979 पासून आयोवाने दोनच हेड कोच पाहिले, ही गोष्ट हे आजोबा देवळातल्या घंटेसारखी वाजवतात.

तुम्ही म्हणालात, ‘आता जरा स्प्रेड, गडी पसरून पास फेकत, खेळायला हवं,’ की ते म्हणतील, ‘नोव्हेंबरात इथे वारा असतो बाळा.’

तुम्ही म्हणालात, ‘मग पळतच राहायचं?’

‘पळायचंच. पण नीट.’

‘आणि नीट पळायला कोण शिकवणार?’

‘तेच तर म्हणतोय, नवा माणूस आणा.’

या आजोबांशी हुज्जत घालू नका. वर्षभरात तिथे जे काही बोललं जातं त्यातलं हे सर्वांत नेमकं बोलणं. माणूस नवा हवा, वारा तोच, खेळ तोच, आणि वर बसलेला साहेबही तोच. सामना लांबवायचा, चूक करायची नाही, पंट मारायचा, समोरचा चुकेल म्हणून थांबायचं, ही पद्धत कर्कची. विजयाच्या संख्येत ती खोटी ठरत नाही, हीच तर चाहत्यांची खरी अडचण. एवढं असताना ‘कोऑर्डिनेटर कोणीही आणा, चौथ्या प्रयत्नाला निर्णय कोण घेतो?’ असा प्रश्न गाडीतळावर विचारू नये. विचारलात तर वाद तिथेच संपेल आणि मग दुपारचे अकरा ते अडीच काय करायचं, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आणि ब्रायनबद्दल एक गोष्ट अजिबात काढायची नाही. 2019 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ कॉलेजची पोरं निवडतात त्यात, आयोवाचे दोन टाइट एंड (समोरच्याला अडवणारे आणि पासही झेलणारे गडी), हॉकन्सन आणि फँट, पहिल्याच फेरीत गेले; दोघेही ब्रायनच्या ऑफेन्समधले. टाइट एंड सॅम लापोर्टाही त्याच्याच काळातला. हे बोललात तर लोक तुम्हाला फेरेन्ट्झांच्या घरचे समजतील.

जानेवारी 2024 च्या अखेरीस निवड झाली टिम लेस्टरची. आधी वेस्टर्न मिशिगनचा हेड कोच, मग एक वर्ष एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्समध्ये विश्लेषक. म्हणजे मधल्या तीन महिन्यांत ज्यांनी ज्यांनी नावं सुचवली त्यातल्या बहुतेकांचा अंदाज सपशेल चुकला. घाबरू नका. ‘माझ्या यादीत तो चौथा होता’ असं सांगावं. यादी कोणी मागत नाही.

पहिल्याच वर्षी लेस्टरने सगळ्यांची पंचाईत केली. संघाची सरासरी 27.7 वर गेली. केलेब जॉन्सन 1,537 यार्ड पळाला, पळून 21 टचडाऊन केले. ज्या 25 साठी एका माणसाची नोकरी गेली, ते आकडे आपोआप ओलांडले गेले. अशा वेळी हातपाय गाळायचे नाहीत. पासिंगकडे वळायचं. पळतात, पण फेकत नाहीत. त्या बाबतीत संघ देशात तळाशीच होता, म्हणजे मुद्दा खराही आहे. मग 2025 साठी क्वार्टरबॅक आणला तो मार्क ग्रोनोव्स्की, साऊथ डकोटा स्टेटचा. होय, 7-3 वाल्या सामन्यात तोच समोर उभा होता. त्यानंतर त्याने त्या संघाला खालच्या विभागाची दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. ‘तेव्हाच उचलायला हवा होता’ हे तुम्ही 2022 पासून म्हणत आला आहात, लक्षात असू द्या.

बाकी दर डिसेंबरात यादी ताजी करत चला. मॅकव्हेच्या हाताखालचे पोरगे मोठे होत जातात, पस्तिशी ओलांडलेले काढून टाका. आणि उद्या लेस्टरला दुसरीकडे मोठी नोकरी मिळालीच, तर ‘असा माणूस यांनी जाऊच कसा दिला?’ हे वाक्य आजपासून घोकायला घ्या, चारचौघांत अडखळायला नको.