४९९ ची ‘लाइफटाइम’ विंडोज की आणि ‘बेकायदा’ लिनक्स: त्या फॉरवर्डमधलं एकेक बघू

आमच्या मामाचं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याला व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला, तो त्याने मला ढकलला आणि खाली विचारलं, "पैसे भरू का?" मेसेजमध्ये थोडक्यात असं होतं: विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आता ते वापरणं बेकायदा, पीसी कधीही लॉक होईल. म्हणून ४९९ रुपयांत विंडोज ११ प्रोची लाइफटाइम ओरिजिनल की (विंडोज चालू करायचा कोड) घ्या, जीएसटी बिल मिळेल, म्हणजे शंभर टक्के कायदेशीर. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम, फुकट असलं तरी ते विद्यार्थ्यांसाठी, धंद्यात वापरलं तर दंड, आणि त्यावर मराठी चालत नाही. मॅकवाल्यांना मात्र सगळं फुकट. शेवटी अर्थातच "सर्व व्यापारी बांधवांना पाठवा", आणि बांधव पाठवत सुटलेत.

मुदतीचं आधी उरकते. तारीख खरी आहे. पण त्या दिवशी संपला तो मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट, म्हणजे फुकट येणारे सिक्युरिटी अपडेट. तुमचं लायसन संपलेलं नाही, पीसी चालू राहतो आणि तो वापरून तुम्ही कुठलाही कायदा मोडत नाही. धोका आहे हे मात्र कबूल, कारण झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर कोणाकोणाचे पेनड्राइव्ह लागतात, आधार-पॅनच्या पीडीएफ येतात, अशा मशीनला अपडेट नसणं वाईटच. पण त्याला सरळ मार्ग आहेत. घरगुती पीसीला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट मिळायची सोय ठेवलीय, मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्ज सिंक केली तर पैसे न देता, नाहीतर ३० डॉलर. धंद्यातल्या मशीनसाठी पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, हे महाग आहे. आणि मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत असेल, टीपीएम २.० म्हणजे मशीनमधली सुरक्षेची चिप वगैरे, तर ओरिजिनल १० वरून ११ वर जायला एक रुपया लागत नाही. बसत नसेल तर ४९९ ची की घेऊन त्यात टीपीएम येणार आहे का? मग ती की नक्की कशासाठी घ्यायची?

आता ती की. मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा आलाय, कारण इथे लोकांचे पैसे जातात आणि वर कायद्याची खोटी हमी मिळते.

विंडोजचं लायसन एकाच प्रकारचं नसतं. रिटेल म्हणजे सुटं विकत घेतलेलं, ते एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. ओईएम म्हणजे पीसी-लॅपटॉपबरोबर आलेलं, ते त्याच मशीनला बांधलेलं, मशीन भंगारात गेलं की तेही गेलं. आणि व्हॉल्यूम म्हणजे कंपन्या, कॉलेजं वगैरे स्वतःच्या वापरासाठी एकगठ्ठा घेतात ते, ते बाहेर सुटं विकायचा अधिकारच नसतो. विंडोज ११ प्रोची अमेरिकेतली छापील किंमत १९९ डॉलर आहे. ती वस्तू कोणी ४९९ रुपयांत देत असेल तर बहुतेक वेळा ती कुठल्यातरी संस्थेची व्हॉल्यूम की असते, नाहीतर जुन्या मशीनची ओईएम.

मामाच्या शेजारी फोटो स्टुडिओवाले काका आहेत, त्यांनी अशी की आधीच घेतली होती. त्यांच्याच पीसीवर बसून बघितलं. स्टार्टमध्ये सीएमडी उघडायचं, एसएलएमजीआर टाइप करायचं, एक स्पेस, मग स्लॅश आणि डीएलआय, एंटर. छोटी विंडो येते, त्यात लायसनचा प्रकार लिहिलेला असतो. काकांच्या पीसीवर आलं ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’. मग डीएलआयच्या जागी एक्सपीआर टाकलं तर थेट संपायची तारीखच दिसली, सहा महिन्यांच्या आतली. कारण या प्रकारात मशीनला १८० दिवसांच्या आत त्या संस्थेच्या सर्व्हरकडून पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. याला लाइफटाइम म्हणून विकलं होतं. काका बिचारे बिल जपून ठेवून बसले होते.

आणि बिलाचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३बी एकदा वाचाच. कॉम्प्युटर प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर थांबू शकतं. म्हणजे ती सवलत दुकानदाराला नाही, आणि हा मेसेज फिरतोय दुकानदारांच्याच ग्रुपवर! कलमात ‘जाणूनबुजून’ आहे, त्यामुळे फसवला गेलेला माणूस आपली बाजू मांडू शकतो, ते ठीक. पण जीएसटी बिल आहे म्हणून सुटलात असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. जीएसटी बिल म्हणजे कर भरल्याचा पुरावा, विकणाऱ्याला ती की विकायचा हक्क होता का ते त्यावरून कळत नाही.

लिनक्स धंद्यात वापरलं तर दंड, हे कोणी शोधून काढलं देव जाणे. लिनक्सचा गाभा जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसनच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, १९९१ ची, आणि तिच्यात स्पष्ट म्हटलंय की प्रोग्रॅम चालवण्यावर बंधन नाही. दुकानात चालवा, बँकेत चालवा. प्रती देताना पैसे घेतले तरी चालतात, फक्त सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, देण्याच्या अटी पाळायच्या. अर्धं सत्य शोधायचंच असेल तर एवढंच, की १९९१ मध्ये लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्सने सुरुवातीला जे लायसन लावलं होतं त्यात पैसे घेऊन वाटायला मनाई होती, पण १९९२ मध्येच तो जीपीएलवर आला. आणि लिनक्स नेहमी फुकटच असतं असंही नाही, रेड हॅट कंपनीच्या एंटरप्राइज लिनक्सचं सबस्क्रिप्शन घ्यावं लागतं. त्याच रेड हॅटला आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजून विकत घेतलं, धंद्यात वापरायची बंदी असती तर कशाला मोजले असते? केरळच्या सरकारी शाळांतले पीसी कित्येक वर्षं लिनक्सवर चालतायत, आणि केंद्र सरकारचं २०१५ चं धोरणच ओपन सोर्सला, म्हणजे लिनक्ससारख्या खुल्या सॉफ्टवेअरला, प्राधान्य द्या असं सांगतं.

मराठीचा मुद्दा मात्र नाइलाजाने अर्धा मान्य करावा लागेल. युनिकोड मराठी, म्हणजे मोबाइलवर-नेटवर चालतं तेच, लिनक्सवर उत्तम चालतं, इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड निवडायचा आणि लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये टायपायला लागायचं. पण लग्नपत्रिकांच्या पंधरा-वीस वर्षांच्या फायली पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये, अक्षरं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, तर त्या विंडोजशिवाय धड उघडत नाहीत. मामाला मी म्हणूनच सांगितलं की डीटीपीचा पीसी त्याच्या ओईएम विंडोजवरच राहू दे, फॉर्म भरायच्या पीसीवर लिनक्स टाकू.

मॅकचं काय, २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) फुकट आहे हे बरोबर, त्याआधी २००७ ची लेपर्ड आवृत्ती १२९ डॉलरला होती. पण लायसनप्रमाणे ते फक्त अॅपलच्याच मशीनवर चालवता येतं, म्हणजे पैसे मशीनच्या किमतीत आधीच गेलेत. त्यावर अॅडोबीचं फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर लागलं तर त्याचं सबस्क्रिप्शन तिथेही भरावंच लागतं.

ज्यांनी ही की घेतलीय त्यांनी वरच्या दोन्ही कमांड आजच चालवून बघा, ‘व्हॉल्यूम’ आलं तर स्क्रीनचा फोटो काढा आणि विकणाऱ्याकडे पैसे परत मागा. अजून घेतली नसेल तर पैसे भरायच्या आधी त्याला एवढंच लेखी विचारा: रिटेल, ओईएम की व्हॉल्यूम?