मिग जमिनीवरच बरं

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला मिग-21 या लढाऊ विमानाला निरोप दिला, त्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर मेसेजचा नुसता पाऊस पडत होता. आम्ही नाशिकजवळच्या ओझरचे. मोठे काका 1968 साली तिथल्या एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मिगचा सांगाडा नाशिकला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी तेव्हा वाटणी होती. लहानपणी आवाजावरूनच आम्हाला कळायचं की आज नवीन विमान चाचणीला निघालंय. त्यामुळे त्या रात्रीचा मूड सुतकाचा होता.

मग चुलतभावाने लिहिलं, "एक तरी मिग उडतं ठेवायला हवं होतं. इंग्लंडमध्ये ऐंशी वर्षांची विमानं उडवून दाखवतात. आपल्याला जपायची अक्कलच नाही." खाली माझं नाव टॅग करून, "ताईला विचारा, ती तिथेच असते."

चौदा वर्षं बेडफर्डमध्ये आहे, त्यामुळे असं साक्षीला उभं राहणं आता सवयीचं झालंय. रस्ते, दवाखाने, कचरा, सगळ्याला ताईची साक्ष. या वेळी मात्र साक्ष उलटली.

माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर ओल्ड वॉर्डन आहे. शटलवर्थ कलेक्शन या जुन्या विमानांच्या संग्रहाचं हे ठिकाण म्हणजे गवताची धावपट्टी आणि काही हँगर. 1909 चं ब्लेरिओ विमान त्यांच्याकडे अजून उडतं. उडतं म्हणजे काय, वारा पूर्ण पडला तर संध्याकाळी उशिरा धावपट्टीच्या लांबीएवढी एक उडी मारतं आणि टेकतं. वारा असला तर लोक वाट पाहून घरी जातात, कुणी पैसे परत मागत नाही. जुन्या रोटरी इंजिनांत एरंडेल तेल घालतात. ते जळून बाहेर पडलं की सगळ्या माळावर त्याचा वास पसरतो. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर रविवारी सकाळी चमचा घेऊन उभी असलेली आजीच आली. विमान हँगरमधून ढकलत बाहेर आणणारे बरेचसे सत्तरीचे असतात. त्यांतले पगारी थोडे, बाकीचे हौसेने येणारे.

हे सगळं मला मनापासून आवडतं. पण भावाला जे दिसतं ते एवढंच.

ब्रिटिश हवाई दलाची एक स्वतंत्र तुकडी आहे, 1957 पासून. लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबी तळावरून ते दुसऱ्या महायुद्धातली लँकेस्टर, स्पिटफायर आणि हरिकेन विमानं उडवतात. लँकेस्टर सात हजारांवर बांधली, आज जगात उडणारी फक्त दोन आहेत, एक इथलं आणि एक कॅनडातलं. युद्धातून वाचलेली बहुतेक याच जपणाऱ्या देशाने भंगारात घातली. मे 2024 मध्ये याच तुकडीचं एक स्पिटफायर तळाजवळच्या शेतात पडलं आणि त्यांच्या हवाई दलाचा पायलट गेला. हे युद्धात नाही, दाखवण्यासाठीच्या उड्डाणांत.

त्याआधीची गोष्ट जास्त वाईट. 22 ऑगस्ट 2015 ला शोरहॅमच्या एअर शोमध्ये एक जुनं हॉकर हंटर जेट लूप (हवेत उभा गोल) घेताना पुरेशा उंचीवर आलं नाही आणि ए-27 या हमरस्त्यावर कोसळलं. 11 माणसं मेली. सगळी विमानतळाच्या कुंपणाबाहेरची. दोन तरुण पोरं फुटबॉलच्या सामन्याला निघालेली होती. 1971 मध्ये लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानी रणगाड्यांची दाणादाण उडवली ते हेच हंटर जातीचं विमान, म्हणून आपल्याला त्याचं प्रेम. पण जुनं लष्करी जेट रविवारच्या गर्दीवर उलटंपालटं फिरवायचं म्हणजे काय, हे इथे लोकांना त्या दिवशी कळलं. त्यानंतर नियम बदलले. जमिनीवरून जाताना जुन्या जेटांनी कसरती करायच्या नाहीत, सरळ जायचं आणि मोठं वळण घ्यायचं, असं तेव्हा ठरलं.

आता आपलं मिग. 2012 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं होतं की घेतलेल्या 872 मिगांपैकी 482 अपघातात गेली, आणि त्यांत 171 पायलट आणि 39 सामान्य नागरिक दगावले. आकडे सगळ्या प्रकारच्या मिगांचे आहेत, नुसत्या 21 चे नाहीत. तरी पण. सेवेत असताना, सुट्या भागांची साखळी चालू असताना हा हिशेब. ती साखळी बंद झाल्यावर एकच मिग कौतुकासाठी उडवायचं, तर त्याचे रबरी सील, पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीटची काडतुसं, इंजिनचं ओव्हरहॉल, हे कोण आणि कुठल्या कागदाच्या भरवशावर करणार? इथल्या व्हल्कन बॉम्बरचं हेच झालं. लोकांनी वर्गणी काढून ते 2007 मध्ये पुन्हा उडवलं, आठ वर्षं गर्दी लोटली आणि 2015 मध्ये ते कायमचं उतरलं. पैसा हे मुख्य कारण नव्हतं. विमानाच्या तंत्राची जबाबदारी घेणाऱ्या तीन कंपन्यांनी हात काढून घेतला, कारण ते विमान ओळखणारी माणसंच संपत आली होती.

आणि "आपल्याला जपता येत नाही" हे तर मला अजिबात पटत नाही. महायुद्ध संपल्यावर लिबरेटर बॉम्बर कानपूरला टाकून दिली होती, पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून मुद्दाम मोडून. एचएएलच्या लोकांनी ती जोडली, उडवत बंगळूरला नेली, दुरुस्त केली. आपल्या हवाई दलाने ती 1968 पर्यंत वापरली, पुण्याच्या लोहगावावरूनसुद्धा. त्यांतलं एक 1974 मध्ये आपण ब्रिटनला भेट दिलं, ते उडतच इथे आलं आणि लंडनच्या हेंडन संग्रहालयात उभं आहे. दुसरं एक अमेरिकेत जाऊन अनेक वर्षं लोकांपुढे उडलं. ऑक्टोबर 2023 मध्ये नॉर्थॅम्प्टनशरमधल्या सायवेलला हॉकर टेम्पेस्ट हे एक जुनं लढाऊ विमान पुन्हा उडालं, इथल्या हौशी लोकांचे डोळे भरून आले, तेही मूळचं भारतीय हवाई दलाचंच. इंग्रजांच्या ज्या जपणुकीचे आपण गोडवे गातो, त्यातला बराच माल आपल्या अडगळीतून आलेला आहे.

उलटही झालं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी 2018 मध्ये हवाई दलाला दिलेलं 'परशुराम' हे जुनं डकोटा मालवाहू विमान इंग्लंडमध्येच, कॉव्हेंट्रीला, दुरुस्त होऊन जामनगरला उतरलं. चांगलीच गोष्ट. पण डकोटा आपण चाळीसेक वर्षं वापरलं, त्याच्या दुरुस्तीला कॉव्हेंट्री का लागावी, हा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारला नाही.

(जुन्या विक्रांत युद्धनौकेचा विषय निघालाच, म्हणून एक ओळ. मुंबईच्या दारूखाना भागात ती तोडली याचं दुःख मलाही आहे. पण तिच्या काळातली एकही विमानवाहू नौका ब्रिटनने स्वतःसाठी ठेवलेली नाही.)

माझं म्हणणं भावाला फोनवर सांगितलं ते असं. मिग ओझरच्या गेटवर ठेवा, छान धुऊनपुसून, मुलांना कॉकपिटमध्ये बसू द्या. उडवायचंच असेल तर एचटी-2 उडवा. डॉ. विष्णू माधव घाटगे, जर्मनीत गॉटिंगेनला प्रान्टल या विमानशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला आपला माणूस, त्यांनी आखलेलं हे शिकाऊ विमान 1951 मध्ये उडालं. आपण आखून कारखान्यात बनवलेलं पहिलं विमान ते. पिस्टन इंजिन, हळू चाल, पंखा दिसतो, आतला माणूस दिसतो. इंजिन बंद पडलं तर शेतात उतरवता येण्यासारखं. ते दरवर्षी एकदा ओझरला तिकीट लावून उडवा. आता तिथे तेजस बनायला लागलंय, दोन्ही एका दिवशी दाखवा.

भाऊ म्हणाला, "हळू विमान बघायला कोण येणार? मिग गेलं की छाती हलायची." हे मात्र खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ब्लेरिओ बघून माझी छाती कधी हललेली नाही.

फोन काकांकडे गेला. मला वाटलं होतं तसं त्यांना मिगचं दुःख नव्हतं. "बसू दे त्याला आता, लई धावलं," एवढंच म्हणाले. मग ओल्ड वॉर्डनच्या म्हाताऱ्यांबद्दल खोदून खोदून विचारलं. रिव्हेट कोण मारतं, नवीन पोरं येतात का, तपासणीची सही कुणाची असते.

"आणि हे सगळे फुकट येतात?"

"बरेचसे. चहा मिळतो."

"आमच्या कॉलनीत असे तीसजण बसलेत," काका म्हणाले. "दुपारी पत्ते खेळतो. चहासुद्धा आपापला आणतो."